मुंग्यांच्या वारुळाचे बत्तीस वाटे

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा मुंग्या माणसांशी बोलत असत आणि माणसं ऐकून न ऐकल्यासारखं करत असत. पुढे मुंग्या बोलायच्या थांबल्या. माणसांची सवय मात्र अजून टिकून आहे.

तर त्या काळी एका राजाच्या राज्यात, अगदी टोकाला, एका थंड डोंगरावर बत्तीस घरांचं एक गाव होतं. गावाचं नाव मी सांगत नाही. तिथल्या लोकांचे वंशज सगळीकडे पसरलेले आहेत, उगाच कोणाला लागायला नको.

डोंगरभर चिडाची झाडं होती. सरळ, उंच, पानांच्या जागी हिरव्या सुया असलेली. खोडाला खाच पाडली की राळ पाझरायची. ती राळ गोळा करायची, खाली नदीकाठच्या नावाड्यांना द्यायची आणि बदल्यात धान्य आणायचं, यावर गाव जगत होतं. झाडं आहेत तोवर गाव आहे, एवढं तिथल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं.

या गावाला पाटील नव्हता, वाटप्या होता. पूर्वी कधीतरी एका हिवाळ्यात चार घरांनी सगळं धान्य दाबून ठेवलं आणि बाकीच्या घरांतली माणसं उपाशी मेली. तेव्हा उरलेल्यांनी शपथ घेतली, की यापुढे डोंगरावर जे येईल त्याचे बत्तीस सारखे वाटे व्हायचे. मधाचे, सरपणाचे, शिकारीचे. झाडांचेसुद्धा बत्तीस पट्टे पाडले होते. हे वाटे करायला एक माणूस नेमलेला असे. त्याच्याजवळ एक तराजू असे आणि जमीन मोजायला गाठी मारलेली एक दोरी असे.

नियम चांगला होता, हे मी आधीच कबूल करतो. नाहीतर तुम्ही म्हणाल, या म्हाताऱ्याला कशातच बरं दिसत नाही.

वाटप्याही भला माणूस होता. स्वतःचा वाटा सगळ्यांच्या शेवटी उचलायचा. दोन ढिगांत चार दाण्यांचा फरक दिसला तर जेवणावरून उठून यायचा. लबाड माणसाचं काय करायचं ते आपल्याला माहीत असतं. अशा माणसाचं काय करायचं, ते मला अजून समजलेलं नाही.

एका वसंतात पूर्वेच्या तीन पट्ट्यांत झाडांवर अळ्या पडल्या. तपकिरी, केसाळ, बोटाएवढ्या. अंगाला लागल्या की आग व्हायची. दिवसरात्र सुया कुरतडायच्या, आणि आठ-पंधरा दिवसांत उभं झाड भाजल्यासारखं तांबूस दिसायला लागायचं.

त्या तीन पट्ट्यांचे मालक पारावर येऊन रडले. म्हणाले, "गावात बत्तीस घरं आहेत. मग हे संकट आमच्या तिघांच्याच वाट्याला का?"

वाटप्याने त्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बरोबर आहे तुमचं. डोंगरावर जे येईल त्याचे बत्तीस वाटे. मधाचे होतात, तर अळ्यांचेही व्हायला हवेत."

आणि त्यांनी खरोखर अळ्या वेचल्या, टोपल्यांत भरल्या, तराजूत तोलल्या आणि प्रत्येक पट्ट्यात नेऊन सोडल्या. तुम्ही हसताय. मीही ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा हसलो होतो. वेचून टोपलीत घातलेल्या अळ्या जाळून टाकाव्यात, एवढं साधं कोणाला सुचू नये? पण ज्यांच्या पट्ट्यात अळ्या नव्हत्या, ते लोक स्वतः पुढे येऊन हात पसरून उभे राहिले. शेजाऱ्यावर अन्याय नको म्हणून.

वर्ष संपायच्या आत सबंध डोंगर तांबूस झाला.

ही बातमी राजधानीत पोचली. डोंगराच्या पायथ्याला राजाचं मोठं जंगल होतं आणि अळ्या तिकडे उतरल्या असत्या. राजाने आपला वनपाळ पाठवला. वनपाळाने पट्टे पाहिले, कपाळावर हात मारला आणि गावाला सांगितलं, "तीन वर्षांची मुदत आहे. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी मी परत येईन. जी झाडं हिरवी असतील ती राहतील. जी अळ्यांनी भरलेली असतील ती तोडून जागेवर जाळावी लागतील. माझा नाइलाज आहे."

झाडं गेली की गाव गेलं. लोकांनी धूर केला, ढोल बडवले, राखेचं पाणी शिंपडलं. अळ्यांनी ढोल ऐकले आणि खाणं चालू ठेवलं.

आता त्या गावात एक म्हातारी होती. तिला सगळं गाव मावशी म्हणायचं. नवरा, दोन मुलगे, एक सून, सगळी माणसं तिच्यादेखत गेली होती आणि ती एकटीच आपल्या पट्ट्यातली राळ काढून राहत होती. तिचं माहेर दोन खिंडी पलीकडे, जुन्या जंगलात. तिला आठवत होतं, की माहेरी चिडाच्या झाडांवर अळ्या पडायच्या, पण झाडं कधी मरायची नाहीत. कारण तिथे बुंध्याशी तांबड्या मुंग्यांची वारुळं असायची. गळलेल्या सुया रचून केलेली, कमरेएवढी उंच. मुंग्या झाडावर चढायच्या, अळ्या ओढून खाली आणायच्या आणि वारुळात न्यायच्या.

मावशी कोणाला न विचारता निघाली. दोन दिवस चालून माहेरच्या जंगलात गेली आणि सगळ्यांत जुन्या वारुळापुढे बसली. म्हणाली, "राणीबाई, आमचा डोंगर मरतोय. तुमच्या लेकींपैकी एखादी द्याल का?"

वारुळातून म्हातारी राणी मुंगी बाहेर आली. तिने विचारलं, "तिचं पोट भरेल तिथे?"

"भरेल म्हणजे काय, अळ्यांशिवाय दुसरं काहीच उरलं नाही तिथे."

"मग ने. एक लेक देते, तिच्या सगळ्या कामकऱ्यांसकट. फक्त तिचं घर मोडू नकोस. एकच राणी असते, ती अंडी घालते आणि बाकीच्या तिला जगवतात. त्यातलं एक जरी वेगळं झालं, तरी कोणीच राहत नाही."

मावशीने त्या लेकीचं वारूळ तळच्या मातीसकट डालग्यात घेतलं, वर ओलं फडकं बांधलं आणि डोक्यावर घेतलं. पहाटेच्या गारव्यात मुंग्या सुस्त असतात, म्हणून ती पहाटेच चालायची आणि उन्हं चढली की सावलीला बसायची. तरी मान आणि खांदे चावून चावून सुजले. दोन दिवसांची वाट परत येताना चार दिवसांची झाली.

गावात पोचल्यावर तिने डालगं पारावर उतरवलं, मुंग्यांचं काम समजावून सांगितलं आणि राणीचा निरोपही जशाच्या तसा सांगितला. मग अंग टाकायला घरी गेली. इथे तिची चूक झाली. अशा गावात काही आणून पारावर ठेवावं आणि झोपायला जावं, हे काही बरं नव्हे.

ती उठून आली तेव्हा पारावर तराजू मांडलेला होता. वाटप्याने वारूळ फोडलं होतं. सुयांचे बत्तीस ढीग, मातीचे बत्तीस ढीग, आणि मडक्यांत झाडून भरलेल्या मुंग्या. राणी कोणाकडे जावी यावर थोडा वाद झाला, तेव्हा चिठ्ठ्या टाकल्या. ज्या घराला राणी लागली, त्या घराला मग कामकरी मुंग्या कमी दिल्या. कारण राणी आकाराने मोठी, आणि वजन सारखं भरायला हवं.

मावशी म्हणाली, "अरे, मी काय सांगून गेले होते?"

"मावशी, आम्ही ऐकलं ना," वाटप्या म्हणाला. "मुंग्या फार कामाच्या आहेत असं तुम्हीच म्हणालात. इतकी कामाची वस्तू एकाच्याच पट्ट्यात ठेवली, तर बाकीच्यांनी काय करायचं?"

पंधरा दिवसांत बत्तीसही मडकी रिकामी झाली. राणीजवळच्या मूठभर मुंग्यांना तिचं पोट भरता आलं नाही, आणि राणीवाचून बाकीच्या मुंग्यांना कोणासाठी राबायचं ते कळलं नाही. अळ्या मात्र मजेत होत्या.

दुसऱ्या वर्षी मावशी पुन्हा गेली. म्हातारी राणी या वेळी लगेच बाहेर आली नाही. आली तेव्हा म्हणाली, "माझी लेक कशी आहे?"

मावशीने खरं ते सांगितलं. राणीने मिशा हलवल्या. मग म्हणाली, "माणसं वाईट आहेत का तुझ्या गावची?"

"नाही हो," मावशी म्हणाली. "वाईट असती तर मी केव्हाच सोडून गेले असते."

राणीने दुसरी लेक दिली. मावशीने पुन्हा ते ओझं डोक्यावरून आणलं. या वेळी ती डालग्याजवळच बसून राहिली आणि वाटप्या येताच म्हणाली, "हे फोडायचं नाही. वाटे करायचे नाहीत. मेले तरी इथून उठणार नाही."

"नाही फोडणार," वाटप्या म्हणाला. तो खरंच खजील झाला होता. "गेल्या वर्षी चुकलो आम्ही. आता वाटे नाहीत. आता पाळी."

पाळी म्हणजे काय, तर वारूळ अख्खंच ठेवायचं, पण दर चार दिवसांनी ते उचलून पुढच्या घराच्या पट्ट्यात न्यायचं. बत्तीस घरं, प्रत्येकाला चार दिवस. कोणाची तक्रार नको. मावशीने परोपरीने सांगितलं, की बाबांनो, एखाद्या बाईचं बिऱ्हाड दर चार दिवसांनी हलवलंत तर ती चूल तरी कधी मांडेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. पाचव्या दिवशी सहा जण कावड घेऊन हजर. पालथ्या घड्यावर पाणी.

ते वारूळ हलवलं की त्याचं छप्पर कोसळायचं. मुंग्या सगळं काम सोडून सुया गोळा करायच्या, वाटा शोधायच्या, अंडी आत न्यायच्या. चौथ्या दिवशी कुठे घर उभं राहायचं आणि त्यांतली एखादी झाडावर चढायला निघायची, तेवढ्यात कावड यायची. त्या हंगामात त्या मुंग्यांनी अळ्या म्हणाल तर शंभरही खाल्ल्या नसतील. त्या फक्त घर बांधत होत्या. एकविसाव्या पाळीला, छप्पर मोडलेलं असताना पाऊस आला आणि वारूळ आतपर्यंत भिजलं. तिसऱ्या दिवशी त्यातून कोणी बाहेर आलं नाही.

आणि ज्या अकरा घरांची पाळी आलीच नव्हती, ती घरं वाटप्याकडे दाद मागायला गेली. हे मला सांगवत नाही, पण गेली.

मावशी त्या दिवशी खूप रडली. कोणावर ओरडली नाही. ओरडायचं कोणावर? गावातला एकही माणूस स्वतःसाठी काही जास्त मागत नव्हता.

तिसरं वर्ष लागलं. मावशीचा गुडघा आता वाकत नव्हता. ती काठी घेऊन निघाली आणि दोन दिवसांच्या वाटेला सहा दिवस लागले. वारुळापुढे ती उभीच राहिली, कारण बसली असती तर उठता आलं नसतं.

म्हातारी राणी म्हणाली, "तू परत येशील असं वाटलं नव्हतं."

"मला तोंड नाही मागायला."

"मग का आलीस?"

"माझी सगळी माणसं त्या डोंगरावर जळली," मावशी म्हणाली. "मसणवट्यातल्या झाडांखाली. गाव उठलं तर मला खाली जावं लागेल आणि ती माणसं वर राहतील. मला दुसरं काही नको आहे."

राणीने विचार केला. "माझी एकच लेक उरली आहे जाण्याजोगी. हिच्यानंतर माझ्याजवळ द्यायला काही नाही. हिला अशा जागी ठेव, जिथे कोणाचा हात पोचणार नाही."

डालगं पाठीला बांधून काठी टेकत परतताना मावशी हाच विचार करत होती. डोंगरावर अशी जागा होती कुठे? प्रत्येक झाड कोणाच्या ना कोणाच्या पट्ट्यात. प्रत्येक दगडावर दोरी फिरलेली. आणि मग तिला उमगलं, की एक जागा आहे. मसणवट्याचे वाटे कोणी कधी मागितले नव्हते. तिथे सत्तरेक झाडं होती, पण त्यांची राळ कोणी काढत नसे आणि तिथे कोणी कामाशिवाय फिरकत नसे.

तिने वारूळ तिथेच मधोमध ठेवलं आणि गावात येऊन सांगितलं, की गुडघ्यामुळे अर्ध्या वाटेवरूनच परत आले. आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलली. मला तिचा राग येत नाही.

त्या वर्षी वारुळाला कोणी हात लावला नाही. मुंग्यांनी आठ दिवसांत घर नीट केलं, मग वाटा पाडल्या, मग खोडांवर तांबड्या ओळी दिसायला लागल्या. एकेका अळीला दहा-दहा जणी ओढत खाली आणायच्या. मावशी रोज काठी टेकत जायची, लांबून बघायची आणि परत यायची. बघण्यापलीकडे तिने काहीही केलं नाही. अळ्या पुरत्या संपल्या नाहीत, पण झाडं नव्या सुया फोडायला लागली.

वर्षाच्या शेवटी वनपाळ कुऱ्हाडवाले घेऊन आला. तो पट्ट्यापट्ट्याने फिरला. जिथे जाईल तिथे तांबूस झाडं, सुयांऐवजी अळ्यांची जाळी. प्रत्येक पट्ट्यावर त्याने चुन्याची खूण केली. बत्तीसच्या बत्तीस पट्ट्यांवर खुणा झाल्या. वाटप्या त्याच्या मागे चालत होता आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

शेवटी ते मसणवट्याशी आले आणि वनपाळ थांबला. समोर सत्तर झाडं हिरवीगार उभी होती.

"ही जागा कोणाची?" त्याने विचारलं.

 मग एक जण म्हणाला, "कोणाचीच नाही, सरकार."

वनपाळाने वारूळ पाहिलं. खोडांवरच्या मुंग्यांच्या रांगा पाहिल्या. त्याने चुन्याचं भांडं खाली ठेवलं. "ही राहतील," तो म्हणाला. "बाकीची उद्यापासून पडतील."

आणि ती पडली. नऊ दिवस कुऱ्हाडी चालल्या आणि अकरा दिवस धूर. सत्तर झाडांवर बत्तीस घरं जगणं शक्य नव्हतं. पंचवीस घरांनी भांडीकुंडी बांधली आणि डोंगर उतरून ती माणसं नदीकाठी नावाड्यांकडे हमाली करायला गेली. जाताना सगळ्यांना सारख्या शिदोऱ्या मिळाल्या. त्यात चूक नव्हती.

धूर विझल्यावर वाटप्या मसणवट्यात आला. मावशी वारुळापासून थोडी दूर बसली होती. तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"मावशी, मी कधी कोणाला दाणाभरही कमी दिलं नाही."

"नाही दिलंस."

"स्वतःसाठी कधी जास्त घेतलं नाही."

"नाही घेतलंस रे," मावशी म्हणाली. "तू लबाड असतास तर बरं झालं असतं. तुझं कोणी ऐकलं नसतं, आणि डोंगर वाचला असता."

वाटप्या खाली मान घालून रडला. मावशीने त्याला रडू दिलं. तिलाही त्याचं वाईट वाटत होतं, पण त्याची समजूत घालण्याचं त्राण आता तिच्यात नव्हतं.

डोळे पुसून त्याने वारुळाकडे पाहिलं. "आता याचं काय करायचं?"

"काही करायचं नाही."

"म्हणजे नेमकं काय करायचं?"

"काही म्हणजे काही करायचं नाही," मावशी म्हणाली. "तोडलेल्या जागी नवी रोपं लावा. ती वाढतील. या मुंग्या वाढल्या की यांच्यातलीच एखादी राणी आपल्या पायांनी चालत शेजारच्या झाडाखाली जाईल. कधी जाईल ते मला विचारू नकोस. तिला विचारू नकोस. आणि तिच्यामागे दोरी घेऊन जाऊ नकोस."

उरलेल्या सात घरांनी तेवढं ऐकलं. रोपं लावली आणि वारुळाला हात लावला नाही. त्यानंतर तिसऱ्या वर्षी मुंग्यांनी दुसरं वारूळ केलं. मग बऱ्याच वर्षांनी तिसरं. डोंगर पुन्हा हिरवा व्हायला चाळीस वर्षं लागली. मावशीने त्यातली दोनच वारुळं पाहिली. पंचवीस घरांतलं कोणी परत वर आलं नाही.

म्हणून ध्यानात ठेवा: जिवंत राहून जे सगळ्यांना जगवतं, त्याचे वाटे न्यायाने केले तरी ते मरतंच.